दुरुस्ती, शुद्धी आणि एक चांदीचे घड्याळ

जुनी वस्तू विकत घेणारा माणूस आणि जुनी संहिता संपादित करणारा माणूस यांच्यात वाटते तेवढे अंतर नसते. दोघांच्याही हाती काळाच्या ओघात झिजलेले, मधल्या अनेक हातांनी हाताळलेले काहीतरी येते, आणि ते ‘होते तसे’ करून ठेवावे असा मोह दोघांनाही सर्वप्रथम होतो. ‘होते तसे’ म्हणजे नेमके कसे, हा प्रश्न मोहाच्या क्षणी सहसा कोणी विचारत नाही. आम्हीही विचारला नाही. पाठचिकित्सा हा विषय पदव्युत्तर वर्गाला गेली पंधरा-सोळा वर्षे शिकवणाऱ्या आम्हा दोघा सहकाऱ्यांच्या हातून एका जुन्या घड्याळावरची दोन अक्षरे कायमची पुसली गेली. त्या निमित्ताने दुरुस्ती, शुद्धी आणि संपादन या शब्दांविषयी जे मनात आले, ते येथे मांडत आहोत. त्यात थोडी कबुलीही आहे. तिच्यावाचून पुढच्या युक्तिवादाला अर्थ राहणार नाही.

आमचे विभागप्रमुख निवृत्त होणार होते. मोडी वाचायला आणि हस्तलिखितांची तुलना करायला आम्ही त्यांच्याकडून शिकलो. तास सुरू करण्यापूर्वी मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, ही त्यांची जुनी सवय. शाल, श्रीफळ आणि मानपत्र हे उपचार महाविद्यालयाकडून होणारच होते. आपण स्वतंत्रपणे काही द्यावे, आणि ते टेबलावर ठेवण्याजोगे घड्याळच असावे, असे आमचे ठरले. नवे घड्याळ घेणे सोपे होते. परंतु ज्यांनी आयुष्यभर जुन्या पोथ्यांची पाने उलटली त्यांना जुने घड्याळच शोभेल, असा एक भाबडा काव्यात्म विचार आम्ही केला आणि एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो.

हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पितळी समया, गंजलेली कुलपे, फोनोग्राफचे कर्णे, कोणाच्या तरी घरातून बाहेर पडलेली लग्नातली छायाचित्रे, असा संसार तेथे जमिनीवर मांडलेला असतो. तेथे एका चादरीवर, बंद पडलेल्या मनगटी घड्याळांच्या ढिगाशेजारी, ते साखळीचे घड्याळ पडले होते. साखळी नव्हती. चांदी काळी पडली होती. विक्रेत्याने ते तळहातावर तोलले आणि म्हणाला, “सर, चांदीचे पैसे द्या, घड्याळ फुकट न्या.” सहा हजार पाचशे रुपयांना सौदा झाला. त्याचे वाक्य त्या वेळी आम्हाला विनोदी वाटले होते. पुढे आम्ही जे केले त्यात घड्याळाला चांदीच समजण्याची चूक आमचीच होती, हे नंतर उमगले.

घड्याळाची तबकडी पांढऱ्या मिन्याची. असा मिना म्हणजे तांब्याच्या पातळ पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून बसवलेला थर. म्हणून त्यावरचा पांढरा रंग शंभर वर्षांनीही पिवळा पडत नाही. पण घड्याळ पडले की त्याला केसासारखा तडा जातो. आमच्या तबकडीवर असे दोन तडे होते. मधोमध इंग्रजी अक्षरांत वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव आणि त्याखाली ‘बॉम्बे’ व ‘कलकत्ता’. ही स्विस घड्याळांची पेढी 1886 साली मुंबईत सुरू झाली. मागचे झाकण उघडल्यावर आत एका रानपक्ष्याचा सूक्ष्म ठसा दिसला. स्वित्झर्लंडमध्ये 1882पासून चांदीच्या घड्याळांवर सरकारी ठसे येऊ लागले. त्यांपैकी अस्वल म्हणजे हजारी 875 चांदी आणि ग्राउस नावाचा हा पक्षी म्हणजे हजारी 800, अर्थात शंभरात ऐंशी भाग.

आकडे रोमन होते. घरच्या एका चौकस विद्यार्थ्याने लगेच चूक काढली, “चार चुकीचा लिहिलाय.” पाचाच्या चिन्हाआधी एक रेघ काढावी, तर येथे नुसत्या चार उभ्या रेघा. परंतु घड्याळाच्या तबकडीवर चाराचा आकडा बहुधा असाच काढण्याची कारागिरांची जुनी रीत आहे. शाळेच्या नियमाने जे अशुद्ध, ते परंपरेने बरोबर. वर्गात आम्ही सांगतो की दोन पाठांपैकी जो अधिक अवघड किंवा विचित्र, तोच बहुधा जुना. कारण लेखनिक अवघड पाठ सोपा करतो, सोपा पाठ अवघड करायला जात नाही. त्या चार रेघांचे उदाहरण आता आम्ही वर्गात देतो.

मागच्या झाकणाच्या आत आणखी एक पातळ झाकण असते, यंत्रावर धूळ जाऊ नये म्हणून. त्या आतल्या झाकणावर टोकदार हत्याराने ओरखडून चार मोडी अक्षरे काढलेली होती. ते कोरीवकाम व्यावसायिकाचे नव्हते. कोणा मालकानेच घरी बसून, कदाचित दाभणाने, आपले नाव घातले असावे. बाजारातल्या उन्हात आम्ही पहिली दोन अक्षरे वाचली: ‘रघु’. पुढची दोन घरी जाऊन भिंगाखाली वाचू, असे ठरवले. छायाचित्र काढले ते तबकडीचे.

घरी जाण्याआधी वाटेत चांदीची भांडी उजळून देणारे एक दुकान लागले. सरांना काळे पडलेले घड्याळ कसे द्यायचे, म्हणून यंत्र बाहेर काढून चांदीचे अंग तेवढे आम्ही तेथे दिले आणि म्हणालो, “जरा चमकवून द्या.” तासाभराने ते हाती आले तेव्हा सत्यनारायणाच्या पूजेतल्या वाटीसारखे लखलखत होते. मागच्या बाजूची बारीक लहरींची नक्षी बोथट झाली होती. आतल्या झाकणावर ‘रघु’ ही दोन अक्षरे अंधुक दिसत होती आणि त्यापुढे आरशासारखा गुळगुळीत पत्रा होता.

कारागिराचा यात काडीचाही दोष नव्हता. त्याला चमकवायला सांगितले, त्याने चमकवले. फिरत्या चाकावर चांदी घासली की काळेपणाबरोबर चांदीचाही थर निघतो, हे त्याला ठाऊक होते. आम्हाला ठाऊक असायला हवे होते. चांदीचा काळेपणा म्हणजे वरून बसलेली घाण नव्हे. हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन चांदीचाच झालेला तो क्षार आहे. यंत्र बाहेर काढलेले असेल तर कडकडीत पाणी, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद यांच्या साहाय्याने त्या क्षाराची पुन्हा चांदी करता येते, आणि कणभरही धातू घासला जात नाही. हे ज्ञान आम्ही दुसऱ्या दिवशी मिळवले. आमचे पडलेले चेहरे पाहून तो भला माणूस म्हणाला, “मॅडम, त्यात काय? नाव सांगा, आत्ता परत कोरून देतो.”

या वाक्यापाशी आम्ही दोघेही थबकलो. ‘रघु’ नंतर दोन अक्षरे. रघुनाथ? सर्वांत संभाव्य तेच. पण रघुवीर आणि रघुपतीही बसतात. ज्या काळातले हे घड्याळ वाटते त्या काळात रघुनाथ हे नाव घरोघर होते, हा बाह्य पुरावा. ‘ना’ची उभी रेघ पुसट आठवते असे आमच्यापैकी एकाला वाटत होते, दुसऱ्याला तसे काहीच आठवत नव्हते. दहा मिनिटांत पन्नास रुपयांत ‘रघुनाथ’ पूर्ण झाला असता, आणि सरांना काय, कोणालाच कधी कळले नसते. संपादनशास्त्रात ज्याला अनुमानित पाठ म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? आम्ही नको म्हणालो. मात्र नको म्हणायला आम्हाला वेळ लागला, हेही लिहून ठेवले पाहिजे.

यंत्र बंद होते. चार दुकानांनी ‘सुटे भाग मिळत नाहीत’ म्हणून परत केले. पाचव्या ठिकाणी, जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या एका वृद्ध घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “चालवायचंय की विकायचंय?” चालवायचे आहे, असे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग तबकडीला हात लावू देऊ नका कोणाला. रंगवून देतो म्हणतील. ऐकू नका. तडा गेला म्हणून वेळ चुकत नाही.”

त्यांनी जे केले ते आम्ही दोन-तीन खेपांना शेजारी बसून पाहिले. घड्याळाच्या हृदयस्थानी डावी-उजवीकडे झोके घेणारे एक चक्र असते, बॅलन्स व्हील. त्याच्या आसाची दोन्ही टोके मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी बारीक असतात आणि माणकांच्या छिद्रांत फिरतात. धक्का सोसणारी योजना घड्याळांत 1930च्या दशकानंतर रुळली. त्याआधीचे घड्याळ हातातून पडले की हे टोक मोडते. आमच्या घड्याळाचे तेच मोडले होते. नवा आस मिळत नसल्याने घड्याळजींनी तो छोट्या लेथवर पोलादी सळईतून कातला. चावीची मुख्य स्प्रिंग तुटली होती, ती बदलली. जुने तेल गोंदासारखे झाले होते. प्रत्येक भाग सुटा करून, धुऊन, नेमक्या जागी टाचणीच्या टोकाएवढे तेल दिले. तीन आठवड्यांनी घड्याळ सेकंदाला पाच ठोके, म्हणजे तासाला अठरा हजार, देऊ लागले.

परत देताना त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे कागदाची एक पुडी आमच्या हाती ठेवली. तीत मोडका आस आणि जुनी स्प्रिंग होती. “हे तुमचं. टाकू नका, घड्याळाबरोबर ठेवा.” दुसरी म्हणजे मागच्या झाकणाच्या आत, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही अशा बारीक अक्षरांत, त्यांनी त्या दिवसाची तारीख आणि आपली खूण ओरखडली. तेथे आधीच्या पाच खुणा होत्या. चाकावरच्या घासणीत त्याही झिजल्या होत्या, पण खोल असल्याने वाचल्या होत्या. “पुढच्याला कळायला नको, कोणी कधी उघडलं होतं?” ते म्हणाले. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव आणि शक घालतो, ती ही पुष्पिकाच.

या कागदाच्या पुडीने आम्हाला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताची आठवण करून दिली. 1919 साली आरंभलेले आणि 1966 साली अठराही पर्वांपर्यंत पोचलेले ते कार्य आपण अभिमानाने सांगतो. पण त्याची पद्धती फार थोडे विद्यार्थी उघडून पाहतात. प्रमुख संपादक वि. स. सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या 1933च्या प्रस्तावनेत जी शिस्त घालून दिली तिचे मर्म त्या पुडीत आहे. जो श्लोक मूळ संहितेत बसत नाही असे वाटले तो फेकून दिला नाही. तो तारांकित करून पानाच्या तळाशी ठेवला, मोठा असेल तर परिशिष्टात. जेथे निर्णय खात्रीचा नव्हता तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ दिली. उद्या कोणाला संपादकाचा निर्णय चुकला असे वाटले, तर मोडका आस त्याच पानावर पुडीत ठेवलेला आहे. त्याने तो काढून पाहावा. संपादकाने स्वतःला खोडून टाकण्याची सोय स्वतःच करून ठेवणे, यापेक्षा मोठा विनय विद्वत्तेत आम्हाला माहीत नाही.

याउलट ‘मुळाकडे परत’ या घोषणेविषयी आम्हाला आता शंका येते. आपल्याकडे तिचा सर्वांत मोठा दाखला ज्ञानेश्वरीचा. एकनाथांनी शके 1506मध्ये, म्हणजे 1584 साली, तिचे शुद्धीकरण केले आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये अशी विनवणीही केली. वि. का. राजवाडे यांना एकनाथपूर्व वाटणारी एक पोथी सापडली, तिची आवृत्ती त्यांनी 1909 साली काढली, आणि त्या पोथीच्या प्राचीनतेविषयी अभ्यासकांत वाद झाले. खरी ज्ञानेश्वरी कोणती? इतिहासकाराचे उत्तर एक, वारकऱ्याचे दुसरे. ज्या संहितेवर शतकानुशतके पारायणे झाली, तिच्यावरच्या एकनाथांच्या हाताची खूणही आता ज्ञानेश्वरीचाच भाग आहे. ती पुसून तेराव्या शतकात उडी मारणे म्हणजे घड्याळ चाकावर घासणे होय.

आणि ‘होते तसे’ करायचेच झाले तर कोठे थांबायचे? घड्याळजींनी काटे लावताना विचारले, “टाइम कोणता लावू?” ते मोबाइलकडे पाहत होते. आमच्या मनात निराळेच आले. तबकडीवर बॉम्बे लिहिलेले हे घड्याळ मुंबईत वापरले गेले असेल, तर ते मुंबईची स्थानिक वेळ दाखवत असणार. ती ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906पासून अमलात आली, तरी मुंबई महानगरपालिकेने आपली जुनी वेळ 1955पर्यंत सोडली नाही. म्हणजे घड्याळ खरोखर मूळ स्थितीत न्यायचे, तर ते आजच्यापेक्षा 39 मिनिटे मागे लावले पाहिजे. तसे कोणी लावणार नाही, आम्हीही लावले नाही. ते आजची वेळ दाखवते, म्हणूनच ते घड्याळ आहे. मुळाचा आग्रह आपण आपल्या सोयीपुरताच धरतो, एवढे यावरून कबूल करायला हरकत नसावी.

यावर दुसरा पक्ष असे म्हणेल, आणि त्याच्या म्हणण्यात बळ आहे, की मग जुन्याला हातच लावू नये. तडा, काळेपणा, बंद यंत्र, सगळे जसेच्या तसे कपाटात ठेवावे. संग्राहकांत हा पंथ आहे. साहित्याच्या अभ्यासकांतही आहे. 1972च्या पुरावस्तू कायद्याने वस्तू पुरातन ठरायला 100 वर्षे लागतात, वाङ्मयीन वा ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला मात्र 75 पुरतात. कायद्यालाही कागदाची अधिक काळजी आहे, हे योग्यच आहे. पण ज्या पोथीला केवळ हळदकुंकू वाहिले जाते आणि जिचे पान उलटले जात नाही ती वाचली नाही, टिकली फक्त. मोडका आस न बदलता ठेवलेले घड्याळ हे चांदीची डबी आहे. विक्रेत्याने ती त्याच हिशेबाने विकली होती.

वासुदेवशास्त्रींच्या किंवा विष्णुशास्त्रींच्या पिढीचे गद्य आजच्या विद्यार्थ्यापुढे जुन्या लेखनपद्धतीत ठेवले तर तो पहिल्या पानावरच थकतो, ही अडचण आम्ही रोज पाहतो. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1857च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या या वरसईच्या भिक्षुकाने आपली हकीकत मोडीत लिहिली. ती चिं. वि. वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केली, तीही भाषेत आणि मांडणीत फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती 1966 साली. वैद्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकाने गोडसे भटजींना वाचले ते वैद्यांमुळे, आणि पोतदारांना मुळाकडे जाता आले ते हस्तलिखित नष्ट झाले नव्हते म्हणून. पुडी जपून ठेवली होती. आमच्या मते येथेच सगळा निवाडा आहे. वाचकासाठी सोपी आवृत्ती हवी, अभ्यासकासाठी मूळ हवे. आणि सोप्या आवृत्तीने आपण सोपी असल्याचे पहिल्या पानावर सांगायला हवे.

आता कबुलीचा उरलेला भाग. काही वर्षांपूर्वी पदवी वर्गासाठी एकोणिसाव्या शतकातील गद्याचे एक संकलन आम्ही दोघांनी मिळून केले. 1962च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, म्हणून आम्हीही उताऱ्यांतले असे सारे अनुस्वार काढून टाकले. प्रस्तावनेत त्याचा उल्लेख नाही. उतारे मर्यादित पानांत बसावेत म्हणून काही वाक्येही गाळली; त्या जागी टिंबेसुद्धा दिली नाहीत. त्यातल्या एका आत्मकथनपर उताऱ्यात लेखिकेने ‘तें गेलें’ असे लिहिले होते. आम्ही ‘ते गेले’ केले. जुन्या लेखनात ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आहे. गेले होते ते तान्हे मूल. ते मूल ज्या वाक्यात येते ते आधीचे वाक्य आम्ही जागेअभावी गाळले होते. अनुस्वार गेल्यावर ‘ते’ आदरार्थी झाले आणि वाचणाऱ्याला वाटू लागले की लेखिकेचे पती वारले.

घड्याळाच्या प्रकरणानंतर पंधरा दिवसांनी हा उतारा वर्गात शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पती इथे वारले, तर पुढच्या परिच्छेदात ते बाहेरगावाहून परत कसे येतात?” मूळ पुस्तक काढून पाहिल्यावर जे दिसले ते वर लिहिले आहे. दोन ठिपके आम्ही पुसले, आणि एका आईने एका ओळीत, आवाज न चढवता नोंदवलेले मूल नाहीसे झाले. इतकी वर्षे इतक्या विद्यार्थ्यांनी तो उतारा वाचला, त्यावर उत्तरे लिहिली, आम्ही ती तपासली. कोणाला काही खटकले नाही, कारण आम्ही पृष्ठभाग फार छान गुळगुळीत केला होता. रघुच्या पुढची दोन अक्षरे परत येणार नाहीत. अनुस्वार मात्र परत देता येतात, कारण मूळ पुस्तक ग्रंथालयात आहे. हा फरक नशिबाचा आहे, आमच्या दक्षतेचा नाही.

शुद्धलेखनाच्या नियमांविरुद्ध आमची तक्रार नाही. आजचे लेखन आजच्या नियमांनी व्हावे. जुन्या लेखनाला ते नियम पूर्वलक्षी प्रभावाने लावताना मात्र नुसता कागद स्वच्छ होत नसतो, व्याकरणाचा एक थर घासला जात असतो, याचे भान पाठ्यपुस्तके करणाऱ्या आमच्यासारख्यांना क्वचितच असते. मराठीत आज जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या पुष्कळ निघतात. त्यांतल्या कितींत संपादकाने काय बदलले याची एक ओळ तरी असते? लेखनपद्धती बदलली असेल तर तसे सांगावे, गाळले असेल तर टिंबे द्यावीत, शब्द अनुमानाने भरला असेल तर कंसात टाकावा. याला खर्च नाही, फार विद्वत्ताही लागत नाही. जिन्याखालचा एक घड्याळजी विचारणारे कोणी नसताना हे करतो.

निरोपाच्या दिवशी सरांना आम्ही घड्याळ, पुडी आणि एक कागद दिला. कागदावर घड्याळ कोठे घेतले, काय बदलले, काय मोडलेले होते, हे लिहिले होते. आतल्या झाकणावर ‘रघु’ आणि पुढे दोन अक्षरे अवाच्य, असेही लिहिले होते. सरांनी आधी कागद वाचला. मग झाकण उघडून ते खिडकीपाशी गेले आणि प्रकाशात तिरपे धरून बराच वेळ पाहत राहिले.

“अवाच्य कशानं? झिजून?”

“नाही सर, पुसली गेली.”

“पुसली कोणी?”

“आम्ही.”

“मग तसं लिहा,” ते म्हणाले आणि कागद परत केला.

आम्ही तसे लिहिले, तारीख घातली, सह्या केल्या. त्या संकलनासाठी एक शुद्धिपत्रही तयार करून अभ्यास मंडळाकडे पाठवले आहे. त्यात गाळलेली वाक्ये आहेत, काढलेले अनुस्वार आहेत, आणि ते मूल आहे. पुढच्या आवृत्तीत ते छापले जाईल की नाही हे आमच्या हाती नाही. तोवर वर्गात तो उतारा आला की आम्ही आधी फळ्यावर ‘तें गेलें’ असे लिहितो.